वर्षावासात पिकवू या दारचे माळवे

बुद्ध पौर्णिमा आटोपली. कारखान्यांचे पट्टे पडले आणि फडावर गेलेल्या टोळ्या गावी परतल्या. बीड जिल्ह्यातील आपल्या वस्त्यांमधल्या बंद घरांची कुलुपे निघाली, चुली पेटल्या आणि आठवडी बाजाराच्या दिवशी मायबहिणींची तीच जुनी अडचण पुन्हा सुरू झाली. शंभराची नोट घेऊन निघालेली बाई कांदे, बटाटे आणि हिरवी मिरची घेऊन घरी येते. पालेभाजीची जुडी ती दोनदा उचलते, भाव विचारते आणि खाली ठेवते. मग पुढचे आठ दिवस घरात पिठले, ठेचा आणि पातळ वरण!

म्हणून या आठवड्यात कुटुंबाच्या या पानावर आम्ही परसबागेविषयी लिहीत आहोत. परसबाग म्हटले की आपल्या लोकांना बंगला आठवतो. ज्यांच्या घराला परसच नाही त्यांनी बाग कुठे करायची, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर आम्ही पुस्तकातून नव्हे, आमच्या आईकडून शिकलो.

आम्ही तेव्हा चौथीत असू. आई एका शेतात खुरपायला जायची. एके दिवशी घरी निघताना तिने बांधावरची मूठभर अंबाडी पदरात घेतली. शेतमालकाने ते पाहिले आणि सगळ्या बायकांसमोर तिला पदर झाडायला लावला. अंबाडी मातीत पडली. त्या रात्री आम्ही भाकरी मीठ-मिरचीबरोबर खाल्ली. आई कोणालाच काही बोलली नाही. फक्त झोपताना म्हणाली, "आपल्या दारात चार झाडं असती तर कोणापुढं पदर झाडावा लागला नसता."

त्याच मृगात तिने न्हाणीच्या पाण्यालगत खुरप्याने चार हात जागा उकरली आणि शेजारणीकडून मागून आणलेले अंबाडीचे बी टाकले. पोळ्याच्या सुमारास आम्ही घरच्या अंबाडीची भाजी खाल्ली. त्या भाजीची चव अजून जिभेवर आहे.

जमिनीचा प्रश्न आणि दहा फुटांचा तुकडा

कोणाचा गैरसमज नको म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. भूमिहीनाला जमीन मिळाली पाहिजे, हा आपला मोठा लढा आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये आपल्या माणसांनी भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंग भरले. आपल्याच बीड जिल्ह्यातले दिवंगत ॲड. एकनाथ आवाड आणि त्यांचे मानवी हक्क अभियान यांनी मराठवाड्यात गायरानाच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली. दारातल्या दहा फुटांच्या वाफ्याने तो प्रश्न सुटणार नाही. ज्यांच्याकडे गायरान आहे त्यांनी ते कसावे, ज्यांचे दावे पडून आहेत त्यांनी ते सोडू नयेत. पण तोवर मूठभर भाजीसाठी कोणाच्या बांधाकडे पाहण्याची वेळ आपल्या लेकीबाळींवर येऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

दुसरे कारण आरोग्याचे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. पहाटेपासून कोयता चालवणारी, डोक्यावर मोळी वाहणारी आपली बहीण यातून सुटली असेल काय? रक्तवाढीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. त्या घ्यायच्याच, त्यांच्याऐवजी भाजी असे आम्ही म्हणत नाही. पण ताटात रोज हिरवे काही पडले नाही, तर नुसत्या गोळ्या किती पुरणार?

वर्षावास हाच आपला हंगाम

परसबागेची पुस्तके बारा महिन्यांचे वेळापत्रक देतात. ते आपल्या घरांना लागू पडत नाही, कारण आपले अर्धे वर्ष फडावर जाते. दसरा-दिवाळीला टोळी निघते ती चैत्र-वैशाखात परतते. मागे घरात म्हातारी माणसे आणि कधी शाळेतली लेकरे राहतात. म्हणून आपले वेळापत्रक आपणच करायला हवे.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने आपण वर्षावास पाळतो. विहारात रोज 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. भगवान बुद्धांनी पावसाळ्यात भिक्खूंना एका जागी राहण्याचा नियम का घालून दिला? पावसाळ्यात फिरताना कोवळी रोपे आणि बारीक जीवजंतू पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणजे वर्षावासाच्या मुळाशीच उगवत्या हिरवळीची काळजी आहे. आणि योगायोग पाहा, याच महिन्यांत आपली कोयत्याची माणसेही घरी असतात. मृगाला पेरणी, वर्षावासभर भाजी आणि टोळी निघण्याआधी बियाण्याची साठवण, असे हे चार महिन्यांचे साधे गणित आहे.

जागा आणि माती

दिवसातून पाच-सहा तास ऊन लागेल अशी जागा निवडा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद एवढी पुरे. मधोमध दोन फुटांची वाट सोडली की दोन्ही बाजूंना चार-चार फुटांचे पट्टे राहतात. चार फुटांपेक्षा रुंद पट्टा नको, म्हणजे वाफ्यात पाय न देता हात पोचतो. प्रत्येक पट्ट्याचे दोन भाग केले की चार वाफे झाले.

आमची पहिली बाग फसली ती इथेच. नोकरीला लागल्यावर उत्साहाच्या भरात आम्ही कडक जमीन वरवर खरवडली आणि बी फेकले. पहिल्या मोठ्या पावसात निम्मे बी वाहून गेले. जे उगवले ते शेजारच्या शेळीने एका सकाळी संपवले. आई फक्त हसली. तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी शिकलो. एक, पावसाळ्यात वाफा जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच हवा, म्हणजे पाणी साचून मुळे कुजत नाहीत. दोन, कुंपण बी टाकण्याआधी करायचे. बाभळीचे काटे, तुराट्या, जुनी साडी, काहीही चालते.

जमीन हातभर खोल खणून आठ दिवस उन्हात तापू द्या. काळी चिकण माती असेल तर तिच्यात वाळू मिसळा. डोंगरपट्ट्यातला मुरूम असेल तर गाळाची माती आणून घाला. प्रत्येक वाफ्याला दोन-तीन घमेली कुजलेले खत पुरते. खत गाईच्याच शेणाचे हवे, असे काही नाही. म्हशीचे शेण, शेळीच्या लेंड्या, कोंबडीची विष्ठा, सगळे चालते; मात्र ते चांगले कुजलेले असावे. ताज्या खताने रोपे करपतात आणि हुमणीही लागते. जनावर नसेल तर तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा करून त्यात पालापाचोळा, भाज्यांची देठे, राख आणि माती थराथराने टाका व ओल ठेवा. तीन-चार महिन्यांत खत होते. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटले तर तेही या खड्ड्यात चालते.

ज्यांना दारात एवढीही जागा नाही, त्यांनी खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन घ्याव्यात. तेलाचे डबे, फुटकी घमेलीही चालतील. तळाला भोके पाडून दोन वाटे माती, एक वाटा खत आणि एक वाटा वाळू भरावी. एका गोणीत एक वांगे किंवा दोन मिरच्या उत्तम येतात. उथळ घमेल्यात मेथी-कोथिंबीर होते.

पाणी: सांडलेले तेच कामाचे

बीड जिल्हा पाण्याची किंमत जाणतो. बीड शहराजवळची सोळाव्या शतकातली खजाना विहीर पाहा. तिचे पाणी भुयारी कालव्यातून बागायतीला नेण्याची सोय त्या काळी केली होती. पाणी थोडे असले तरी ते नीट वळवले तर हिरवळ होते, एवढे त्यातून शिकायचे.

ज्या घरात टँकरच्या रांगेत उभे राहून हंडा भरला जातो, तिथे बागेला वेगळे पाणी कोणी मागू नये. पाच माणसांच्या घरात न्हाणीतून आणि भांड्यांमधून रोज चार-पाच बादल्या पाणी वाहून जाते. कडक उन्हाळा सोडला तर दहा बाय दहाच्या वाफ्याला उघडिपीच्या दिवसांत दोन-तीन बादल्या पुरतात. हिशेब जमतो! फक्त काही पथ्ये पाळावीत. न्हाणीचे पाणी दोन फुटांच्या खड्ड्यात दगड, खडी आणि वाळू यांचे थर देऊन त्यातून गाळून घ्यावे. धुण्याच्या पावडरीचे फेसाळ पाणी भाजीला न देता केळी, कर्दळ अशा झाडांना द्यावे. गाळलेले पाणीही मुळाशी द्यावे, पानांवर ओतू नये. गावच्या गटाराचे पाणी मात्र भाजीला मुळीच नको. त्यातून जंत, विषमज्वर आणि कावीळ घरात येते.

पाणी कधी द्यायचे? बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहा. ओल लागली तर देऊ नका. झाडांच्या बुंध्यापाशी पालापाचोळा किंवा पाचट पसरले की ओल टिकते. ज्या पाचटाने फडात आपले हात कापले, ते इथे आपले पाणी वाचवते. दूरच्या झाडाशी एक जुने मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले, तर ते झिरपत राहते आणि दोन-तीन दिवस काळजी मिटते.

काय लावायचे?

सगळे एकदम लावू नका. चार वाफ्यांची वाटणी अशी करा.

पहिला वाफा पालेभाजीचा. मेथी, पालक, चुका, अंबाडी. मेथीदाणे आणि धने किराणा दुकानातले चालतात. धने पायतणाखाली हलके रगडून दोन फाका कराव्यात. मेथी महिन्याभरात काढायला येते. पूर्ण वाफा एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी एक पट्टी पेरली, तर भाजी खंड न पडता मिळते.

दुसरा वाफा भेंडी आणि गवारीचा. भेंडीचे बी रात्रभर भिजवून एक-एक फुटावर लावावे. दीड महिन्यात भेंडी सुरू होते.

तिसरा वाफा वांगी, टोमॅटो आणि मिरचीचा. यांचे बी थेट वाफ्यात नको. आधी डब्यात रोपे करून महिन्याने ती वाफ्यात लावावीत. दोन वांगी, दोन टोमॅटो, चार मिरच्या एवढ्यांनीच वाफा भरतो.

चौथा वाफा चवळी किंवा घेवड्याचा. शेंगवर्गीय पिके जमिनीचा कस राखतात. म्हणून पुढच्या वर्षी हे वाफे आपसात बदलावेत.

दोडका, कारले, भोपळा यांचे वेल उत्तरेच्या कडेला लावून मांडवावर किंवा पत्र्यावर चढवावेत, म्हणजे त्यांची सावली बाकीच्या भाज्यांवर पडत नाही. तांदुळजा आणि घोळ तर न पेरता उगवतात. तण म्हणून ती फेकू नका. आपल्या आज्यांनी दुष्काळात याच भाज्यांवर लेकरे जगवली.

किडीसाठी औषधाच्या दुकानात धावू नये. ज्या वाफ्यातले पान आज खुडून लेकराच्या ताटात जाणार, त्यावर विष कशाला? उन्हाळ्याच्या शेवटी निंबोळ्या गोळा करून वाळवा. ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, चिमूटभर साबण घाला आणि आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी फवारा. मावा थोडा असेल तर राख भुरभुरली तरी भागते.

शेवग्याला भूत नसते!

दारात शेवगा लावू नये, त्यावर भूत राहते, घरात भांडणे होतात, असे अजूनही आपल्या काही घरांत बोलले जाते. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे बोलणे शोभते काय? शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, पोरे चढली तर फांदी मोडून पडतात. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात आणि अंगाला खाज सुटते. भूत ते एवढेच! भिंतीपासून दहा फुटांवर लावा, दरवर्षी शेंगा संपल्या की छाटून आटोपशीर ठेवा, अळ्या दिसताच जाळा, म्हणजे झाले. शेवग्याच्या पाल्यात लोह आणि अ जीवनसत्त्व भरपूर असते. वरणात मूठभर पाला टाका, वर लिंबू पिळा. लिंबामुळे लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा मात्र नको, तो लोह अंगी लागू देत नाही.

तसेच पाळीच्या दिवसांत बाईने वाफ्यात गेले तर झाडे सुकतात, हेही खोटे. झाडे पाण्यावाचून सुकतात. विटाळाचा जाच आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसला. तो आपल्याच लेकीवर घालायचा नाही.

कोयता निघताना

आश्विन पौर्णिमेच्या सुमारास शेवटची तोडणी करा. गवार, भेंडी आणि मेथी सावलीत वाळवून डब्यात भरा. फडावर कामी येतात. प्रत्येक भाजीचे एक चांगले, निरोगी झाड बियाण्यासाठी राखून ठेवलेले असावे. ते बी वाळवून राखेत घोळून बाटलीत ठेवावे. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच येत नाही, म्हणून गावरान बी जपायचे. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची सुरुवातही घरापासूनच झाली होती.

मागे राहणाऱ्या म्हातारीवर चार वाफ्यांचा भार टाकू नका. एक मेथीचा वाफा, एक शेवगा, एक लिंबू, बस्स. वर्षाचा झालेला शेवगा फारशा पाण्यावाचून तग धरतो. आणि ज्यांचा मुक्काम कारखान्याजवळ एकाच जागी चार-पाच महिने असतो, त्यांनी मूठभर मेथीदाणे आणि धने सोबत न्यावेत. कोपीजवळ आंघोळीचे पाणी पडतेच. बैलगाडीवाल्यांकडे शेणही असते. महिन्याभरात कोपीच्या दारात भाजी होते. परक्या मुलुखातल्या लेकराला तेवढीच घरची चव!

आमचा कारकुनी हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने माणशी रोज सुमारे ४०० ग्रॅम भाजी सुचवली आहे. पाच माणसांना दोन किलो. किलोला ४० रुपये धरले तरी रोजचे ८० आणि महिन्याचे २,४०० रुपये. मजुराला हे परवडत नाही, म्हणून तो भाजीच कमी खातो. चार वाफ्यांतून रोज दोन किलो निघणार नाही. तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण रोजची पालेभाजी, मिरची, कोथिंबीर आणि आठवड्यातून दोन-तीनदा भेंडी-गवार एवढे नक्की निघते. म्हणजे बाजारात जी जुडी उचलून खाली ठेवावी लागते, ती दारात मिळते.

सरकारच्या 'उमेद' अभियानातही महिला बचत गटांसाठी 'माझी पोषण परसबाग' हा उपक्रम आला. आपल्या वस्तीतल्या गटांनी त्याची चौकशी जरूर करावी. पण कोणाची वाट पाहत बसू नये. आमची सूचना एवढीच की, या आषाढ पौर्णिमेला विहारात ग्रंथवाचनाला येताना प्रत्येक घराने मूठभर बी आणावे. महिला मंडळाने एक डबा ठेवावा. ज्याच्याकडे जे नाही ते त्याने घ्यावे, आणि आश्विन पौर्णिमेला दुप्पट परत करावे. व्याज फक्त बियाण्याचे!

आमची आई आता थकली आहे. खुरपे धरवत नाही. पण न्हाणीशेजारचा अंबाडीचा वाफा अजून तिच्याच देखरेखीखाली असतो. मागच्या पावसाळ्यात एक शेजारीण कुंपणाशी घुटमळताना दिसली. आईने तिला हाक मारली, म्हणाली, "ये बाई, पदर कर," आणि तो भरून दिला.

या मृगाला निदान एक वाफा प्रत्येक दारात व्हावा.

जय भीम!